कोयतीला तिचे नाव परत मिळावे

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेली काही वर्षे मराठी वृत्तपत्रांत ‘कोयता’ हा शब्द बहुतेक वेळा गुन्हेवृत्ताच्या पानावर, आणि तोही ‘गँग’ या शब्दाला चिकटूनच, वाचायला मिळतो. पुण्यात टोळक्यांनी माजवलेल्या दहशतीच्या बातम्या छापल्याच पाहिजेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु ज्या अवजारावर कोकणातल्या माझ्यासारख्या लहान बागायतदाराचा सारा दिवस चालतो, त्याची एवढी एकच ओळख उरावी, हे मनाला लागते. गेल्या मे महिन्यात बहिणीच्या शेतावर द्यायला म्हणून गावच्या लोहाराकडून घडवून घेतलेली नवी कोयती, पाते गोणपाटात गुंडाळून, मी पिशवीतून नेत होतो. बसस्थानकावर पिशवी तपासणाऱ्या तरुण पहारेकऱ्याने ती पाहताच दोन पावले मागे घेतली आणि “आजोबा, हे कशाला लागतं तुम्हाला?” असे विचारले. त्याच्या कर्तव्यात काही चुकले नाही. पण कोयती कशाला लागते, हे एका मराठी मुलाला समजावून सांगावे लागेल असे मला कधी वाटले नव्हते.

म्हणून ते येथे लिहितो. आमच्याकडे मोठा तो कोयता आणि हातात सहज खेळणारी ती कोयती. पाते वीतभर किंवा थोडे अधिक, टोकाला आतल्या बाजूने वळलेले, आणि धार त्या वळणाच्या पोटात. या बाकामुळे फांदी निसटत नाही, ओढून घेता येते, आणि जमिनीलगतचे झुडूप तोडताना पुढचे टोक आधी मातीला लागत असल्याने धार बऱ्याच अंशी दगडापासून वाचते. वजन मुठीकडे न ठेवता पुढच्या अंगाला ठेवलेले असते, त्यामुळे घाव घालताना मनगटाला जोर करावा लागत नाही. हिवाळ्यात भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जमीन भाजण्यासाठी, ऐन-किंजळीची कवळ (पानांसकट डहाळ्या) तोडणे, झावळ्या उतरवणे, शहाळे तासणे, कुंपणाच्या काठ्यांना टोक काढणे, फणस फोडणे ही सगळी कामे त्या एकाच पात्याने होतात. कमरेला लाकडी आकडी बांधून तीत कोयती पाठीमागे अडकवली, की माणूस दोन्ही हात मोकळे ठेवून माडावर चढतो. शहरातल्या वाचकाला हे सारे अपरिचित वाटेल, तरी कोपऱ्यावरच्या शहाळेवाल्याच्या हातातले तीन घाव त्याने नक्कीच पाहिले असतील.

हे सर्व चार-पाचशे रुपयांत मिळते, याचे मला आजही नवल वाटते. आमचा लोहार मोडीत निघालेल्या मालमोटारीच्या कमानपाट्यातून पाते घडवतो. या पोलादात कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो, म्हणजे ते धार धरण्याइतके कठीण होऊ शकते आणि घाव सोसण्याइतके चिवटही राहते. खरे कसब मात्र पाणी देण्यात आहे. पाते पळसफुलासारखे लाल झाले की तो फक्त धारेची कड पाण्यात बुडवतो आणि पाठ तशीच गरम ठेवतो. मग राखेने कड घासून तो थांबतो आणि पाठीतली उष्णता धारेकडे सरकताना उमटणारे रंग पाहतो: आधी सुकल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, जांभळट, शेवटी निळा. हव्या त्या रंगावर पाते पुन्हा पाण्यात जाते. क्षणभर उशीर झाला तर धार मऊ पडते, घाई झाली तर ती काचेसारखी तुटते. भट्टीपाशी ना तापमापक असतो ना घड्याळ. आपली लोहारशाळा लोहार मुद्दाम अंधारी ठेवतो, कारण उन्हात लोखंडाचा रंग फसवतो. हे मला कळायला पन्नाशी उलटावी लागली.

दोष नाहीत असे नाही. चकचकीत स्टीलच्या सुरीला जे सहज जमते ते कोयतीला जमत नाही: आमच्या पावसात ती दोन दिवस विसरली तर गंजते. पण खोबरेल तेलाचा हात फिरवला आणि निसण्यावर दहा मिनिटे पाजवली की ती पुन्हा नवी होते. माझ्या वडिलांच्या कोयतीची मूठ तीनदा बदलली आणि पाते झिजून दोन बोटे अरुंद झाले, तरी ती अजून घरात कामाला आहे.

देशावरही हा शब्द किती खोल गेला आहे पाहा. दसऱ्यानंतर मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, ऊसतोडीला निघणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला मुकादमाच्या वहीत ‘एक कोयता’ म्हणतात, एकट्या माणसाला ‘अर्धा कोयता’, आणि उचलही, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कमही, कोयत्यावरच ठरते. माणसाला अवजाराचे नाव देणारा हा हिशेब मला आवडतो असे नाही; पण बुडख्याकडे साखर जास्त म्हणून कंबर मोडेपर्यंत वाकून, जमिनीलगत ऊस तोडणारे हे हजारो ‘कोयते’ बातमीतल्या कोयत्यापेक्षा कितीतरी अधिक आहेत.

फिनलंडमध्ये १९व्या शतकात सुऱ्या चालवणाऱ्या गुंडांनी ऑस्ट्रोबोथ्निया प्रांतात अशीच दहशत बसवली होती. तरीही ‘पुक्को’ ही लाकडी मुठीची साधी सुरी तेथे आजही अभिमानाने जवळ बाळगली जाते. आपला १९५९ चा शस्त्र कायदादेखील केवळ घरगुती वा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तूंना शस्त्र मानत नाही. विक्रेत्याने खरेदीदाराची ओळख नोंदवून घ्यावी, याला माझा विरोध नाही. आमचा लोहार तर प्रत्येक गिऱ्हाईकाला त्याच्या आजोबांपासून ओळखतो.

माझी विनंती एवढीच आहे की गुन्ह्याच्या बातमीत त्या टोळीला टोळी म्हणावे, अवजाराचे नाव तिला बहाल करू नये. शिवाय आपल्या रविवार पुरवणीत एखादे पान गावोगावच्या लोहारशाळांना द्यावे. आमच्या पंचक्रोशीतली शाळा आता आठवड्यातून दोनच दिवस, सोमवारी आणि गुरुवारी, पेटते. आपला प्रतिनिधी येणार असेल तर सकाळी आठच्या आत यावा, त्यानंतर भाता बंद होतो.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक व बागायतदार,
तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी