आठाचा फरक आणि कागदाच्या पट्ट्या

ग्रंथपाल ताई,
स. न. वि. वि.

ऑड्री निफेनेगर यांच्या 'द टाइम ट्रॅव्हलर्स वाइफ' (2003) या कादंबरीवर वाचकांची दोन टोकांची मतं पडतात. "इतकं हळवं प्रेम वाचलं नाही" आणि "मध्येच मिटून ठेवली, किळस आली". ही दोन्ही माणसं एकाच टेबलाशी बसली आणि तरी बोलणं चालू राहिलं, ते तुमच्या पट्ट्यांमुळे. त्याबद्दल मनापासून आभार. इतर वाचनगटांनाही उपयोग होईल, म्हणून कृतीही इथेच मांडतो.

कादंबरीतला हेन्री इच्छा नसताना काळात मागेपुढे फेकला जातो, त्याची बायको क्लेअर मात्र सरळ काळात जगते. म्हणून लेखिका प्रत्येक प्रसंगाच्या डोक्यावर तारीख आणि वयं देते. वाचक ती ओळ न वाचताच पुढे जातो आणि पन्नास पानांनंतर "हा कुठला हेन्री?" म्हणून कपाळाला हात लावतो. तुम्ही नेमकी तीच ओळ उचललीत. एका प्रसंगाला एक पट्टी. तीवर तारीख, क्लेअरचं वय, हेन्रीचं वय, पान क्रमांक आणि शेवटी वजाबाकी.

वजाबाकीची युक्ती खास तुमची. हेन्रीचा जन्म 16 जून 1963 चा, क्लेअरचा 24 मे 1971 चा. दोघं आपापल्या काळात असतील, तर फरक 8 यायला हवा. 26 ऑक्टोबर 1991, शिकागोची न्यूबेरी लायब्ररी: तो 28, ती 20. जमलं. 23 सप्टेंबर 1977, मिशिगनमधलं कुरण: तो 36, ती 6. फरक 30, म्हणजे हा हेन्री पुढच्या काळातून आलेला. एक खाच मात्र आहे. 24 मे ते 15 जून या दिवसांत तिचा वाढदिवस होऊन गेलेला असतो, त्याचा व्हायचा असतो. तेव्हा उत्तर 7 येतं आणि ते बरोबर असतं. ती पट्टी घाईने खोडायची नाही.

पट्ट्या चिकटवायच्या नाहीत हा तुमचा हट्ट सुरुवातीला विचित्र वाटला होता. त्याचं कारण पट्ट्या हलवल्यावरच कळलं. क्लेअरच्या वयाने लावल्या की सहा वर्षांच्या मुलीसमोर एक मोठा माणूस उगवतो आणि तिच्या अठराव्या वाढदिवसापर्यंत येतच राहतो. एकूण 152 तारखा. मग दोन वर्षांहून अधिक काळ शुकशुकाट. या क्रमाने पाहणाऱ्याला मुलगी घडवली गेली असंच दिसणार, आणि त्याची अस्वस्थता खोटी नाही. आता हेन्रीच्या वयाने लावा. अठ्ठाविसाव्या वर्षी एक अनोळखी तरुणी लायब्ररीत येते, याला नावानिशी ओळखते, याचं पुढचं आयुष्य तिला ठाऊक असतं. कुरणात जाणारा हेन्री त्यानंतरचा, तिशी ओलांडलेला, तिचा नवरा. या क्रमात सापळ्यात तो दिसतो. वाद चवीचा कमी आणि क्रमाचा जास्त होता. पुस्तक दोन्ही क्रम पिसून देतं, म्हणून प्रत्येकाच्या हाती वेगळा डाव येतो.

"ऋणानुबंध, दुसरं काय" असं म्हणून विषय संपवणारेही होतेच. त्यांच्यापुढे तुम्ही 152 तारखांची यादी ठेवलीत. हेन्री ती लहान क्लेअरला सांगतो, ती वहीत उतरवते. आणि हेन्रीला ती पाठ असते त्याच वहीतून. मग यादी केली कोणी? ऋण कोणाचं, हेच ठरत नाही, तर बंधाचं काय बोलणार! त्या दिवशी चहा गार झाला.

बाकीच्या तक्रारी लहान. बँडची नावं फार, जर्मन-फ्रेंच कविता फार, जेवणाची वर्णनं फार. यातलं पहिलं आम्हालाही पटतं. हेन्री स्वतः ग्रंथपाल असल्याने तुम्ही त्याची बाजू घेता, हा आरोप मात्र मागे घेतो.

2009 चा चित्रपट पाहून आलेल्यांसाठी वेगळ्या रंगाचा कागद ठेवायची सूचनाही मोलाची. दोन्हींचा शेवट एक नाही, आणि मिसळले की माणसं एकाच वाक्यात दोन वेगळ्या गोष्टींवर भांडतात. त्यांच्या गठ्ठ्यात पुस्तकातली शेवटची पट्टी नसते: 24 जुलै 2053, ती 82, तो 43. वजाबाकी उणे 39. तो त्रेचाळिसाव्या वर्षीच गेला, आणि ती त्याच्या या एका भेटीची वाट पाहत राहिली. "ही निष्ठा की वाया गेलेलं आयुष्य" यावर मतं सरळ दुभंगली. तुम्हाला कौल विचारला, तर तुम्ही पट्टी उचलून आधी क्लेअरच्या रांगेच्या शेवटी ठेवलीत, मग हेन्रीच्या रांगेत त्याच्या मृत्यूच्या पट्टीआधी सरकवलीत, आणि कपाटाची किल्ली शोधायला निघून गेलात.

पट्ट्यांचा खोका परत आणून देत आहोत. 1989 ची एक पट्टी चहाने डागाळली, ती नव्याने लिहून ठेवली आहे.

आपले,
वाचनगटातले सर्वजण