क्रूझ लागत नसेल तर आधी मागचे ब्रेक लाइट पाहा

संपादक महोदय,

अटल सेतू आणि पुणे द्रुतगती मार्ग हाताशी असल्याने नवी मुंबईतले बरेच जण आता क्रूझ कंट्रोल, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवर पाय न ठेवता गाडीचा ठरवलेला वेग कायम राखणारी यंत्रणा, सर्रास वापरतात. मात्र मीटरमधला त्याचा दिवा काय सांगतो, हे गाडी ताब्यात देताना क्वचितच कोणी समजावून देते.

वेगाची तबकडी आणि तिच्यावर बाण, असे ते चिन्ह. स्टिअरिंगवरचे बटण दाबले की बहुतेक गाड्यांत ते पांढरे किंवा पिवळसर उमटते. तेव्हा यंत्रणा फक्त तयार असते, वेग तिने धरलेला नसतो. ‘सेट’ दाबल्यावर चिन्ह हिरवे होते. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय त्यानंतरच काढावा. काही गाड्यांत रंग न बदलता ‘सेट’ हा शब्द किंवा आकडा येतो. साधारण ताशी 40 किलोमीटरखाली अनेक गाड्या वेग धरत नाहीत, तो बिघाड नव्हे.

ब्रेक दाबताच क्रूझ सुटते, पण ठरवलेला वेग गाडीच्या लक्षात राहतो. सेतूवर 100 ठेवून उलव्याकडे उतरलात आणि पुढे चुकून ‘रिझ्यूम’वर अंगठा पडला, तर गाडी पुन्हा शंभराकडे धाव घेईल. उतरण्यापूर्वी मुख्य बटण बंद करून दिवा पूर्ण विझवावा. बोरघाटाच्या उतारावरही क्रूझ नको. साधी यंत्रणा अनेक गाड्यांत स्वतः ब्रेक लावत नाही, वेग वाढतच जातो. पावसात रस्त्यावर पाणी असताना तर ती अजिबात लावू नये.

आता खरे काळजीचे. दिवा लागतो, पण ‘सेट’ होतच नाही, अशी तक्रार घेऊन लोक येतात आणि बटण बदलून मागतात. दोष पुष्कळदा ब्रेक पेडलच्या वर बसवलेल्या छोट्या स्विचमध्ये असतो. पेडलवरचा रबरी किंवा प्लास्टिकचा लहानसा स्टॉपर, ब्रेक दाबलेला नसताना, या स्विचची दांडी दाबून धरतो. जुना झाला की तो ठिसूळ होऊन फुटतो आणि दांडी मोकळी सुटते. गाडीला वाटते, ब्रेक सतत दाबलेला आहे. म्हणून क्रूझ लागत नाही आणि मागचे लाल दिवे अखंड जळत राहतात. मागच्या चालकाला तुम्ही खरेच कधी थांबताय, हे कळायला मार्गच उरत नाही. ड्रायव्हरच्या पायाखालच्या मॅटवर प्लास्टिकचे बारीक तुकडे दिसले तर ते झटकून टाकू नका, मेकॅनिकला दाखवा. स्टॉपर स्वस्त असतो, काम काही मिनिटांचे. ‘चेक इंजिन’ किंवा एबीएसचा (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवाही सोबत लागला असेल, तर मात्र बिघाड वाचणारा स्कॅनर लावूनच पुढे जावे.

विक्रेत्यांनी गाडी देताना दिव्याच्या दोन्ही अवस्था चालवून दाखवाव्यात आणि सर्व्हिसिंगच्या जॉब कार्डवर ब्रेक स्विचच्या तपासणीसाठी वेगळा रकाना ठेवावा, अशी आमची विनंती आहे.

– वाहनांची इलेक्ट्रिक कामे करणारे कारागीर, तुर्भे, नवी मुंबई