पी.टी. कुठं जाते?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गरीब देशांचं कर्ज, विषमता आणि त्यातून पेटणारे दंगे यांवरचा लेख वाचला. त्यात केनिया होता. सरकार कर्जात बुडालेलं म्हणून नवे कर, आधीच्या मसुद्यात तर पावावरही १६ टक्के व्हॅट. २५ जून २०२४ ला नैरोबीत पोरं संसदेत घुसली, गोळीबारात माणसं मेली, दुसऱ्या दिवशी अध्यक्ष रुटोंनी विधेयकावर सही नाकारली. तिजोरीत खडखडाट असला की हे व्हायचंच, असा लेखाचा सूर. मला तो पटला नाही.

७२ च्या दुष्काळात माझी आई तासगाव तालुक्यात रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. मी सात वर्षांचा. दुपारी सुकडी (कोरडा पौष्टिक खाऊ) मिळायची. चिमूटभर तोंडात टाकून बाकीची ती पदराच्या गाठीत आमच्यासाठी आणायची. त्या सुकडीला घामाचा वास यायचा, तरी आम्ही भांडून खायचो. मे १९७३ मध्ये राज्यभर सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. सरकार तेव्हाही काही गबर नव्हतं. पण विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती, विसापूरच्या वि. स. पागेंनी रोजगार हमीची कल्पना आमच्याच भागात करून पाहिली होती. तिच्या खर्चासाठी १९७५ ला व्यवसाय कर, म्हणजे प्रोफेशनल टॅक्स ऊर्फ पी.टी., आला. जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारनं घालायची. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून माणदेशातल्या बाईची मजुरी! त्यावरून कुणी विधानभवनात घुसल्याचं मला आठवत नाही.

पुढं मी शिक्षक झालो. दरमहा २०० रुपये कापले जायचे, फेब्रुवारीत ३००. ‘पी.टी. कापली’ म्हणून सगळे कुरकुरायचे, मीसुद्धा. कशासाठी, हे विचारलं तर निम्मे गप्प. एकदा आईला पगाराची स्लिप वाचून दाखवली. म्हणाली, “दोनशेच? आणि कापायचं की.”

गावच्या पाझर तलावाचा सांडवा तीन वर्षं खचलाय. विचारायला गेलं की ‘निधी नाही’. नसेलही. पण जिल्ह्यातून पी.टी. किती गेली आणि रोजगार हमीला परत किती आली, हे दोन आकडे दरवर्षी त्या बांधावर रंगवा. रंगाचा डबा मी देतो.

– एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, ता. तासगाव, जि. सांगली