वाळवंटातल्या बागेविषयी मित्रास पत्र

नागपूर,
१२ जून

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि जोधपूरच्या घरामागील बागेचा आराखडा मिळाला. मधोमध रेखाटलेली हिरवळ पाहून मला हसू आले, कारण वर्षाला सुमारे हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या आपल्या नागपुरातसुद्धा मी लावलेली हिरवळ मे महिन्यातल्या ४६ अंशांत, रोज पाणी घालूनही, करपून गेली होती. तुझ्याकडे पाऊस याच्या जेमतेम एक तृतीयांश. शिवाय हिरवळीवर उतरतात त्या साळुंक्या. ज्यांचे गाणे ऐकण्याची तुला हौस आहे त्या पक्ष्यांना मोकळे अंगण नको, अडचण, म्हणजे दाट झुडपांचा आडोसा, हवी असते.

ही अडचण तिकडच्या मातीतच तयार आहे. केर, म्हणजे आपली नेपती, ही पाने जवळजवळ नसलेल्या हिरव्या काटेरी काड्यांची जाळी असते; उन्हाळ्याच्या तोंडावर तिला विटकरी-लाल फुले येतात आणि मग फळे धरतात. तुझे लोणच्याचे प्रेम मला ठाऊक आहे, तरी थोडी फळे बुलबुलांसाठी राहू दे. कुंपणालगत झुडपी बोर आणि तिकडे ज्याला जाळ म्हणतात तो पीलू लाव. उंचीसाठी खेजडी, म्हणजे दसऱ्याला आपण पुजतो ती शमी, आणि रोहिडा. रोहिड्याच्या केशरी फुलांवर सूर्यपक्षी येतील, पण झाड सावकाश वाढते, तेव्हा घाई करू नकोस.

कोपऱ्यातली वेडी बाभूळ, म्हणजे ती परदेशातून आलेली विलायती बाभूळ, मात्र नुसती तोडून भागणार नाही. खोडापासून ती पुन्हा फुटते. मेहरानगडाजवळच्या राव जोधा डेझर्ट रॉक पार्कमध्ये २००६ पासून स्थानिक झाडे परत आणताना तिची मुळे खडकातून छिन्नी-हातोड्याने खणून काढावी लागली. तू ते उद्यान एकदा सावकाश पाहून ये. माझ्या चार पानांपेक्षा तिथली एक फेरी अधिक शिकवील.

औषध फवारू नकोस. मध पिणारा सूर्यपक्षीसुद्धा पिलांना किडे आणि कोळी भरवतो, त्यामुळे पाने कुरतडलेली दिसली तर बाग बिघडली असे समजू नकोस. सफाईचेही तसेच. मागल्या वर्षी गणपतीत पाहुणे येणार म्हणून मी कुंपणाकडचे गवत आणि झुडपे छाटून घेतली, आणि ढिगाऱ्यात वटवट्याचे घरटे सापडले. आत विटेच्या रंगाची तीन चकचकीत अंडी होती. नंतर कितीतरी दिवस त्या कोपऱ्यात आवाज नव्हता. तेव्हापासून पावसाळा सरेपर्यंत मी कात्रीला हात लावत नाही.

पाण्यासाठी मातीचे उथळ, दोन बोटे खोलीचे भांडे पुरे. त्यात एक खडबडीत दगड ठेव, पाणी रोज बदल, आणि मांजराला दडता येणार नाही पण पक्ष्याला काट्यांत चटकन शिरता येईल एवढ्या अंतरावर ते मांड. छताचे पाणी मात्र गटारात सोडू नकोस. उतारावर अर्धचंद्राकृती बांध घालून ते रोपांच्या खड्ड्यांकडे वळव. पहिली दोन वर्षे पाणी क्वचित पण भरपूर दे, म्हणजे मुळे ओल शोधत खाली जातील.

इथे मृग लागला आहे, तुझ्याकडे पाऊस पोहोचायला अजून थोडा अवकाश आहे. तेवढ्यात हिरवळ खोडून नवा आराखडा काढ, त्यावर केर आणि पीलूच्या जागा खुणा करून पाठव, आणि तुझ्या खिडकीतून कोणता कोपरा दिसतो तेही लिही. पाण्याचे भांडे तिथेच ठेवू.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
वसंत