अळी ‘सरावली’ नाही

मा. संपादक,
स. न.

‘बोंडअळी बीटीला सरावली’ हा आपला मथळा वाचला. (बीटी म्हणजे अळीला मारणारं विष स्वतःच तयार करणारं कपाशीचं वाण.) बातमी खरी, क्रियापद चुकलं. बीटीचं बोंड कुरतडणारी साधी अळी मरते. तिला सरावायला वेळ मिळतोच कुठे? एखादीच जन्मतः वेगळी निघते, ती वाचते आणि पुढे शिवारभर तिचीच पिलावळ होते. बदलते ती अळ्यांची जमात. एकेकटी अळी होती तशीच राहते.

हा शब्दांचा कीस नाही. ‘सरावली’ म्हटलं की शेतकरी दुकानात जाऊन जास्त कडक औषध मागतो. ‘निवड झाली’ म्हटलं तर त्याला ते पाकीट आठवेल. 450 ग्रॅम बीटीसोबत 120 ग्रॅम बिगर-बीटी सरकी यायची, ती कडेने लावायची. तिच्यावर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांशी चिवट पतंगांची जोडी जमावी आणि त्यांची संतती बीटीवर मरावी, असा हिशेब. मी दहावीला नैसर्गिक निवड शिकवायचो आणि घरी ते पाकीट गोठ्याच्या कोनाड्यात फेकायचो! 2017 साली बोंडं बाहेरून धडधाकट दिसत होती, अळी शिरल्याचं छिद्रसुद्धा बुजलेलं. फोडलं की आत गुलाबी अळी, पोखरलेली सरकी आणि पिवळट कवडी, म्हणजे न फुललेला खराब कापूस.

तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी एकेकाळी नैसर्गिक निवडीला कसोटीवर न उतरणारी कल्पना ठरवलं होतं. टिकतो तो लायक, आणि लायक कोण तर टिकतो तो. हे गोलगोल बोलणं झालं, असा आक्षेप असतो. 1977 मध्ये केंब्रिजच्या व्याख्यानात त्यांनी ते मत मागे घेतलं. आपल्या कपाशीत तर कसोटी आधीच लिहून ठेवलेली होती: कडेच्या ओळी लावल्या नाहीत तर चिवट अळी माजेल. अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या शेतकऱ्यांनी त्या लावल्या. तिथे 1996 पासून दहा वर्षं बीटी या अळीला पुरून उरलं. आपण लावल्या नाहीत. दोन्हीकडचा निकाल सिद्धान्ताने सांगितला तसाच लागला. उत्क्रांतीला ‘नुसता अंदाज’ म्हणणाऱ्यांना मी एकदा आमच्या पऱ्हाटीत हिंडवून आणेन.

पुढच्या मथळ्यात एवढंच छापा: ‘बीटीला न जुमानणाऱ्या अळ्या वाढल्या’. जागा थोडी जास्त लागेल, पण बसेल.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक व कापूस उत्पादक,
जि. जालना