कोल्हापूर स्टेशनच्या नव्या प्रमुखास

धानोरी, पुणे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

कोल्हापूर विमानतळावरचं आपलं स्टेशन तुझ्याकडे आलं हे ऐकून मनापासून आनंद झाला. "माणसं थोडी, साधनं अपुरी, मग वेळ पाळायची कशी?" हा तुझा प्रश्न मात्र फोनवर दोन वाक्यांत संपणारा नव्हता. आज सुट्टी आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. छोट्या स्टेशनवरून विमान वेळेत निघणार की नाही, हे बहुतेक वेळा ते उतरायच्या आधीच ठरलेलं असतं. इथे पुण्यात, लोहगाव विमानतळावर, आपण हवाई दलाच्या तळावर आहोत, धावपट्टी त्यांची. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये कामासाठी ती १६ ते २९ तारखेपर्यंत पूर्ण बंद होती, तेव्हा सगळं वेळापत्रक कोलमडलं होतं. पण एरवी इथे टो बार (विमान ढकलायचा-ओढायचा दांडा) अडला तर शेजारच्या कंपनीकडून मागून आणता येतो, एक शिफ्ट कमी पडली तर दुसरीतली माणसं थांबतात. तुझ्याकडे ही सोय नाही. पुण्याच्या आणि कोल्हापूरच्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन १० मार्च २०२४ ला एकाच दिवशी झालं, पण नवी इमारत मिळाली म्हणून रॅम्पवरचे, म्हणजे विमान उभं राहतं त्या जागेवरचे, हात वाढत नाहीत.

म्हणून पहिली गोष्ट निरोपाची. आधीच्या स्टेशनवरून विमान सुटलं की बॅगा किती, कुठल्या होल्डमध्ये (सामानाच्या कप्प्यात), व्हीलचेअर किती, हे तुझ्या लोडरपर्यंत पोचलं पाहिजे. नुसतं तुझ्या मेलमध्ये पडून उपयोग नाही. व्हीलचेअरचे प्रवासी तीन आहेत हे दार उघडल्यावर कळलं, तर एक माणूस आत पळतो, दुसरा बॅगा सोडून मदतीला जातो, आणि हातातली दहा मिनिटं तिथेच जातात. ती दहा मिनिटं त्या विमानाच्या दिवसभराच्या पुढच्या प्रत्येक फेरीला चिकटतात. पुढची स्टेशनं अहवालात ९३ हा कोड लिहितात, म्हणजे विमानच उशिरा आलं. मूळ कारण शोधायला कुणी मागे जात नाही. तू जा. तुझ्या वहीत तरी खरं कारण लिहून ठेव.

एटीआर या छोट्या पंख्याच्या विमानाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तुझी मुलं बहुधा मोठ्या विमानांच्या सवयीने शिकलेली असणार. त्याला एपीयू, म्हणजे जमिनीवर वीज देणारं शेपटीतलं छोटं इंजिन, नसतो. बाहेरून वीज देणारा जीपीयू नसेल तर उजवं इंजिन पंखा ब्रेकने अडवून चालू ठेवतात, त्यालाच आपण हॉटेल मोड म्हणतो. त्या बाजूला कुणी फिरकायचं नाही, हे नव्या पोराला पहिल्याच दिवशी जागेवर नेऊन दाखव. दुसरं, प्रवासी मागच्या दाराने उतरतात आणि बॅगांचा मोठा होल्ड पुढे. मागे गर्दी असताना घाईने पुढचा होल्ड रिकामा केला तर विमान शेपटीवर बसू शकतं. टेल प्रॉप (शेपटीखालचा टेकू) लागल्याशिवाय होल्डला हात लावू देऊ नकोस, मग उशीर होवो.

एकच माणूस आधी काउंटरवर, मग गेटवर, मग रॅम्पवर, हे तुझ्याकडे चालणारच. मला त्यात गैर वाटत नाही. अशी मुलं सगळं काम शिकतात आणि पुढे उत्तम ड्यूटी मॅनेजर होतात. फक्त एक रेघ ओढ. ज्याने बॅगा भरल्या त्यानेच त्या लोडशीटशी, म्हणजे विमानातल्या वजनाच्या हिशेबाशी, ताडून पाहायच्या नाहीत. तिथे दुसरे डोळे हवेतच.

साधनांसाठी भांडायला संकोचू नकोस. एअरबससारखी मोठी विमानं तुझ्याकडे वळवली जाणार असतील, तर त्या जातीचा टो बार आणि शिअर पिनांचा जादा साठा आधी मागून घे. जास्त ताण आला की ती पिन तुटते आणि पुढचं चाक वाचतं. तिचं कामच ते. पण जादा पिन नसेल तर तळहातात मावणाऱ्या तुकड्यासाठी भरलेलं विमान तासन् तास उभं राहतं. मुख्यालयातल्या माणसाला मागणीच्या कागदावर तो तुकडा क्षुल्लक दिसतो. त्याला उभ्या विमानाचा खर्च लिहून पाठव.

आणि कुणाची शिडी किंवा ट्रॉली विमानाला घासली, तर येऊन सांगणाऱ्याला सर्वांसमोर शाबासकी दे. विमानाचे काही भाग कॉम्पोझिटचे (धातूऐवजी तंतू आणि राळेच्या थरांचे) असतात, वरून ओरखडाही न दिसता आत इजा झालेली असू शकते. भीतीने गप्प बसलेला माणूस मला पाच उशिरा सुटलेल्या विमानांपेक्षा जास्त धोक्याचा वाटतो. सर्वात कमी वेळात विमान काढणाऱ्याचं कौतुक तर करूच नकोस. विमान उतरण्याआधी चॉक (चाकांना लावायचे अडसर), इशाऱ्याचे कोन आणि माणसं जागेवर होती का, एवढंच विचारत जा.

पावसाळ्याआधी दोन दिवस येईन म्हणतो. तुझी सकाळची पाळी रॅम्पवर उभं राहून बघायची आहे, जेवणाचं नंतर बघू. तोवर साधनांची यादी तयार कर, मुख्यालयाला जाणारं पत्र आपण दोघं मिळून लिहू. वहिनींना नमस्कार, चिमुकलीला गोड पापा.

तुझा,
अविनाश