कॉमेडीला टाइमपास म्हणू नकोस रे

प्रिय सोन्या,

परवा फोनवर म्हणालास ना, आई तू तेच तेच कॉमेडी पिक्चर काय बघत बसतेस, काहीतरी सिरियस बघ, ते सगळं टाइमपास असतं. तेव्हा मी काही बोलले नाही कारण तू घाईत होतास, पण दोन दिवस ते डोक्यातून जातच नाहीये म्हणून म्हटलं लिहूनच टाकते. तुझ्या आवडीचे सिनेमे मलाही आवडतात रे, रडायचं तिथे मी पण रडते, पण कॉमेडीला तू खालच्या पायरीवर बसवलंस ते काही मला पटलेलं नाही.

आता अशी ही बनवाबनवी घे. १९८८ चा पिक्चर, तुला तोंडपाठ आहे, आणि पाठ आहे म्हणूनच बहुतेक तू तो नीट बघितलेला नाहीस. त्या चौघांना राहायला जागा नाहीये, एवढीच गोष्ट आहे ती. जागा मिळतीये पण बायका सोबत असतील तर, म्हणून परश्याची पार्वती होते आणि सुधीरची सुधा. हौस म्हणून कोणी साडी नेसत नाही त्यात, उद्या रस्त्यावर यावं लागेल या भीतीने नेसतात. आता परत बघशील तेव्हा फक्त अशोक सराफकडे बघ, तो सगळ्यांत मोठा आहे, सगळ्यांचा भार त्याच्यावर, आणि तो जी थाप मारतो ती छप्पर टिकवायला मारतो, चेहऱ्यावर किती जबाबदारी आहे त्याच्या! तो एकदा जरी आपल्याला हसवायला गेला असता ना तर सगळं कोसळलं असतं. याच कथेवर आधी हृषिकेश मुखर्जींनी १९६६ मध्ये हिंदी पिक्चर केला होता, त्याचं नावच बीवी और मकान, म्हणजे अडचण काय आहे ते नावातच सांगून टाकलंय.

आणि पुरुषांनी बाईचा वेष घ्यायचा म्हटलं की मला सम लाइक इट हॉट आठवतो, १९५९ चा, बिली वाइल्डरचा. बँडमध्ये वाद्यं वाजवणारे दोघं मित्र गँगस्टरांनी केलेले खून बघतात आणि जीव वाचवायला बायकांच्या बँडमध्ये शिरतात. तो ब्लॅक अँड व्हाइट का आहे माहितीये? रंगीत फिल्मवर त्या दोघांचा मेकअप हिरवट दिसायला लागला म्हणून. त्यात एक सीन आहे, जॅक लेमन रात्रभर नाचून आलाय, लग्न ठरलं म्हणून खूश आहे, आणि मित्र त्याला समजावतोय की अरे तू पुरुष आहेस. लेमनच्या हातात मराकस म्हणजे ते खुळखुळे दिलेत, दर वाक्यानंतर तो ते वाजवत नाचतो. मला आधी वाटायचं उगाच गंमत म्हणून दिले असतील, पण वाइल्डरने ते मुद्दाम दिले होते, थिएटरमधलं हसू ओसरेपर्यंत पुढचं वाक्य यायला नको म्हणून, नाहीतर हसण्याच्या आवाजात ते ऐकूच गेलं नसतं. म्हणजे बघ, शूटिंग करतानाच पुढे बसणारे लोक किती वेळ हसतील याचा हिशोब करून ठेवलाय त्या माणसाने. याला टाइमपास म्हणायचं? रडवणाऱ्या किती लोकांनी एवढा विचार केला असेल मला सांग.

आता तुझ्या बाजूला येते. श्वास आपण एकत्र बघितला होता, आठवतंय? २००४ चा, राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरलेला, श्यामची आई नंतर इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच मराठीला तो मान मिळाला होता. नातवाच्या डोळ्यांना कॅन्सर, ऑपरेशन केलं तर जीव वाचेल पण दृष्टी जाईल, आणि हे त्या पोराला सांगायचं कोणी. मला सगळ्यांत जास्त काय आवडलं तर कोणीच वाईट नाहीये त्यात, डॉक्टरसुद्धा चांगलाच आहे. ऑपरेशन लांबतं आणि आजोबा मुलाला उचलून बाहेर घेऊन जातात, दिसतंय तोवर जग दाखवायला. अरुण नलावडे तिथे ढसाढसा रडत नाहीत, ते कामात असतात, पोराला हे दाखव ते दाखव, आणि आपण मात्र खुर्चीत विरघळून जातो. म्हणजे अशोक सराफ छप्पर टिकवण्यात गुंतलेला आणि नलावडे नातवाला जग दाखवण्यात गुंतलेले, दोघांनाही आपल्याकडे बघायला सवड नाही. मला तरी हे एकाच जातीचं काम वाटतं.

आनंदचं पण तसंच. १९७१ चा पिक्चर, सुरुवातीलाच कळतं की हा माणूस गेलाय, डॉक्टरने त्याच्यावर पुस्तक लिहिलंय. शेवट आधीच सांगून टाकल्यावर हृषिदांकडे आपल्याला घाबरवायला काही उरतच नाही, मग अख्खा पिक्चर राजेश खन्नाच्या बडबडीवर आणि चेष्टामस्करीवर चालतो. अर्ध्याच्या वर तर ती कॉमेडीच आहे रे, पण तुझ्या लिस्टमध्ये तो सिरियसमध्ये आहे.

लाइफ इज ब्युटिफुलबद्दल आपलं जमणार नाही, आधीच सांगते. तुझा तो लाडका आहे, तीन ऑस्कर मिळाले, बेनिन्यी अफाट आहे, सगळं मान्य. छळछावणीत बाप मुलाला सांगतो की हा एक खेळ आहे, पॉइंट्स मिळवायचेत, आई म्हणून मला ते आतपर्यंत लागतं. पण दुसऱ्यांदा बघताना मी अडले. पहिला अर्धा भाग, त्याचं ते प्रेमात पडणं, टोप्यांची अदलाबदल, ते मला खरं वाटतं, आणि छावणीत गेल्यावर मात्र ती जागा खरी वाटायची थांबते, कारण तिथे तो खेळ इतके दिवस चालूच शकला नसता. तुझं म्हणणं की ती परीकथा आहे, तशीच बघायची. असेल. मी प्रयत्न केला, नाही जमलं.

ट्वेल्व अँग्री मेन वर मात्र आपलं एकमत आहे त्यामुळे जास्त लिहीत नाही, एक खोली, खटल्याचा निकाल ठरवायला बसलेली बारा माणसं, आणि उकाडा. एवढंच सांगते की दिग्दर्शक सिडनी ल्युमेटने कॅमेरा आधी नजरेच्या वर ठेवला आणि हळूहळू खाली आणत नेला, लेन्स पण बदलत नेल्या, म्हणून शेवटी शेवटी भिंती जवळ आल्यासारख्या वाटतात. परत बघशील तेव्हा लक्ष ठेव.

आता टोकियो स्टोरी. हे लिहू की नको असं झालं होतं, कारण आईने मुलाला या पिक्चरबद्दल लिहिलं की तो टोमणा वाटतो. टोमणा नाहीये, शप्पथ. १९५३ चा जपानी पिक्चर, ओझूचा. म्हातारे आईवडील मुलांकडे राहायला येतात आणि मुलांना वेळ नसतो, मोठा डॉक्टर आहे, सगळ्यांनी बाहेर जायचं ठरतं आणि नेमका पेशंट निघतो. वेळ काढते ती विधवा सून. तू लहान असताना मी हा बघितला होता आणि त्या मुलीचा, ती पार्लरवाली, तिचा इतका राग आला होता मला की काय सांगू. मागच्या महिन्यात परत बघितला. कॅमेरा जमिनीवर मांडी घालून बसल्यासारखा खाली, जवळपास हलतच नाही, आणि या वेळी मला ती मुलगी फक्त दमलेली दिसली. ती वाईट नाहीये, तिच्या दुकानात कामं पडलीयेत. आणि म्हाताऱ्या बाबांनाही ते कळतं, ते तक्रार करत नाहीत. मला या वेळी जास्त रडू आलं, पण राग कुणाचाच आला नाही. फोनवर तू घाईत असतोस तेव्हा मला वाईट वाटत नाही हे तुला कधीचं सांगायचं होतं, ते या निमित्ताने सांगून झालं.

आणि एक राहिलंच, जाने भी दो यारों. १९८३, कुंदन शाह. मागच्या वेळी लावला होता तेव्हा तू महाभारताच्या सीनला पोट धरून हसलास, ते प्रेताला द्रौपदी करून स्टेजवर आणतात तिथे, आणि मग मोबाइल वाजला म्हणून उठून गेलास तो आलाच नाहीस. म्हणजे शेवट तू बघितलेलाच नाहीयेस. चोर सगळे आपापसात वाटणी करून मोकळे होतात आणि ते दोघे बिचारे फोटोग्राफर कैद्याच्या कपड्यांत रस्त्यावरून चालत येतात, आणि आपल्याकडे बघून गळ्यावरून हात फिरवतात. नसिरुद्दीन शाह आणि रवी बासवानी. दोन तास हसवलेल्या माणसांनी तसं बघितल्यावर मला उठून टीव्ही बंद करता येईना.

तू आलास की पहिल्यांदा तोच लावू, फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा. आणि नंतर तुझ्या लिस्टमधला कुठलाही लाव, मी पूर्ण बघेन.

तुझी,
आई